उन्हाळ्यात गळणारी खोली

कुणाच्याही घरी गेले की ते आधी वर बघत. यजमान हात जोडून "या, बसा" म्हणतायत आणि हे मान मागे टाकून छताचा एकेक कोपरा न्याहाळतायत, असं चालायचं. चारही कोपरे झाले, पंख्याचा हुक झाला, की मान खाली यायची आणि मग, "नमस्ते, बरे आहात ना?" लग्नाच्या हॉलमध्येही तेच. एकदा कुणाच्या तरी तेराव्याला गेले होते, तिथेही वर बघत राहिले. घरच्यांना वाटलं, गेलेल्या जिवासाठी प्रार्थना करतायत. प्रत्यक्षात ते न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीची काळजी करत होते, आणि निघताना त्यांनी ती बोलूनही दाखवली.

माझ्या घरीही ते तसेच आले. हैदराबादेत नारायणगुड्यात आम्ही भाड्याने राहत होतो. कंपनीतली नोकरी सोडून मी घरबसल्या छोट्या दुकानदारांच्या वेबसाइट करायला लागले होते. अंबरपेठेतल्या एका कॉन्ट्रॅक्टरला आपली वेबसाइट नीट करून हवी आहे असं कळलं, म्हणून त्यांना चहाला बोलावलं. गच्चीचं वॉटरप्रूफिंग करणारा माणूस. दोन पानं, चार फोटो, फोन नंबर, म्हणजे दोन दिवसांचं काम, असं मी धरून चालले होते. ते आत आले, चपला काढल्या, वर बघितलं आणि म्हणाले,

"ताई, तुमच्या वरच्यांची कपडे धुवायची मशीन उत्तरेच्या भिंतीला आहे का?"

वरच्यांच्या घरी मी कधी गेले नव्हते. दुसऱ्या दिवशी मुद्दाम जाऊन पाहिलं. होती.

वय साठीच्या पुढचं. अंगात बिनइस्त्रीचा पण लख्ख धुतलेला पांढरा शर्ट, आणि शर्टाच्या खिशात दोन गोष्टी कायम: एक लहान टॉर्च आणि निळीची पुडी. टॉर्च कशाला ते कळत होतं. निळीचं कोडं काही सुटेना. शर्ट इतका पांढरा राहतो त्याचं हे गुपित असावं, असं मी ठरवून टाकलं होतं.

घराणं मूळचं नांदेडकडचं, शेतकरी. वडील निजामाच्या राज्यातच हैदराबादला आले आणि इथलेच झाले. घरात मराठी राहिली, पण ती मराठी वाटेत भेटेल त्याला सोबत घेऊन चालणारी होती. एका वाक्यात मराठी, दखनी आणि तेलुगू तिन्ही यायच्या आणि कुणाचा कुणाला धक्का लागायचा नाही. सुरुवातीला मी त्यांची वाक्यं मनातल्या मनात दुरुस्त करत असे. पुण्याची खोड, दुसरं काय! पुढे लक्षात आलं की माझं "कृपया प्रतीक्षा करा" कुणी वाचतसुद्धा नाही, आणि त्यांचं "जरा थांबा हो, पाणी यायलंय" सगळ्यांना कळतं. त्यांच्या वेबसाइटचं पान उघडायला वेळ लागला तर आजही तेच वाक्य दिसतं.

त्यांच्या जुन्या वेबसाइटवर एका गगनचुंबी इमारतीचा फोटो होता.

"ही बिल्डिंग कुणाची?" मी विचारलं.

"मलाच म्हाईत नाही. पहिल्या पोऱ्यानं लावली. काढा ती. दुसऱ्याच्या मोटारीला टेकून फोटो काढल्यावाणी झालंय."

बदल्यात त्यांनी स्वतः काढलेले वीसेक फोटो दिले. सगळे छतांचे. पांढरी, कोरडी, रिकामी छतं. मी ते ओळीने लावले आणि नवऱ्याला दाखवले, तर तो म्हणाला, फोटो उघडलेले दिसत नाहीत, तुझं इंटरनेट तपास. एव्हाना मी त्यांना काका म्हणू लागले होते; ही तक्रार मी काकांच्या कानावर घातली. ते म्हणाले, "कोरडं छत म्हणजेच माझं काम. त्यात दिसायला काय असते?" मग प्रत्येक फोटोखाली "हे पूर्वी गळत होते" असं लिहून आम्ही तडजोड केली.

इथवर सगळं सरळ चाललं होतं. मग ते म्हणाले, "आणि एक चावडी पाहिजे."

"चावडी?"

"हौ. लोकं येऊन बसतील, सवाल टाकतील, बाकीचे जवाब देतील. माझ्या बापाच्या गावात होती तशी. कंप्यूटरात होते म्हणतात."

होते, त्याला फोरम म्हणतात. पण एका छोट्या कॉन्ट्रॅक्टरच्या वेबसाइटवर गप्पा मारायला कोण कशाला येईल? हे मी पुणेरी स्पष्टपणाने सांगितलं. व्हॉट्सॲपचा ग्रुप करा, म्हटलं. त्यांनी मान हलवली. "व्हाट्सअपात सवाल वाहून जाते हो. सकाळी टाकला, दुपारी त्याच्या छातीवर गुड मार्निंगचं फूल बसलेलं असते. मला सवाल थांबून राहायला पाहिजे. पाणी थांबल्याबगर गळती कळत नाही."

"गिऱ्हाईक वाढावं म्हणून का, काका?"

"गिऱ्हाईक लई आहेत. मला एक सवाल विचारायचाय."

तो सवाल मला कळला त्यांच्या अंबरपेठेतल्या दुकानात. दुकान म्हणजे एक खोली. रसायनांचे डबे, बुरूश, जाळीच्या गुंडाळ्या. टेबलामागच्या भिंतीवर देवांच्या तसबिरीशेजारी एका खिळ्याला गवंड्याची थापी लटकत होती. लाकडी मूठ वापरून गुळगुळीत झालेली, पातं तेल लावून चकचकीत. मी सहज हात पुढे केला तर काका म्हणाले, "नक्को, ताई." एवढा कोरडा आवाज मी त्यांचा आधी ऐकला नव्हता. मग त्यांनीच सगळं सांगितलं.

थापी त्यांच्या मिस्त्रीची होती. दोघं पंचविशीत असल्यापासून एका सायकलवर हत्यारं घालून बरोबर हिंडलेले. कॉन्ट्रॅक्टर हे, हाताचा कारागीर तो. बावीस वर्षांपूर्वी नारायणगुड्यातल्या एका शिक्षिकेच्या घराची गच्ची दोघांनी केली. सगळा मोहल्ला त्यांना टीचरम्मा म्हणतो. माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे त्या अजून एकट्या राहतात. गच्ची झाल्यावर तीन महिन्यांनी, ऐन मे महिन्यात, टीचरम्मांच्या मुलीचं लग्न होतं. लग्नाच्या सकाळी मागच्या लहान खोलीचं छत गळलं आणि नवरीच्या मांडून ठेवलेल्या साड्या भिजल्या. घरात चाळीस माणसं. काकांना बोलावणं गेलं, ते मिस्त्रीला घेऊन आले आणि त्या चाळीस माणसांसमोर मिस्त्रीला म्हणाले, "सिमेंट कुठं विकून खाल्लंस?"

"तो काहीतरी बोलायला लागला," काका म्हणाले. "मी ऐकलं नाही. मुँह नक्को दिखा म्हणलं. त्यानं थापी उंबऱ्यावर ठेवली अन् गेला."

त्या साली पावसाळाभर खोली ठणठणीत कोरडी राहिली. पुढच्या मे महिन्यात पुन्हा डाग. काकांनी सगळी गच्ची उखडली आणि स्वतःच्या हाताने, डोळ्यांदेखत सिमेंट कालवून पुन्हा केली. त्याच्या पुढच्या मे महिन्यात पुन्हा डाग. "तेव्हा कळलं. सिमेंटाचा गुन्हा नव्हता. त्यानं चोरी केली नव्हती."

"मग तुम्ही गेलात त्यांच्याकडे?"

"काय घेऊन जाऊ?" ते खरोखर चकित होऊन माझ्याकडे बघत राहिले. "तुझी चूक नाही म्हणायला गेलो तर तो विचारणार, मग कुणाची? कारण हातात नसलं तर कुणाच्या दारात उभं राहायचं नाही, हा आपला रूल आहे."

हा रूल त्यांनी आयुष्यभर गिऱ्हाइकांसाठी पाळला होता आणि तो मोठा चांगला रूल होता. उगाच अंदाजपंचे ठोकून देणारा माणूस हा नव्हेच. पण त्याच रुलापायी हा गृहस्थ वीस वर्षं दर उन्हाळ्यात त्या खोलीत जाऊन बसत होता, कारण शोधत होता, आणि चार गल्ल्यांवर राहणाऱ्या मित्राच्या दारात जात नव्हता. मिस्त्री रस्त्यात समोरून आला तर काका पलीकडच्या बाजूला जायचे. आता तर मिस्त्रीचे डोळे मंद झाले होते आणि तो घराबाहेर पडत नव्हता.

"टायम कमी आहे, ताई," ते म्हणाले. "तो असेपर्यंत जवाब मिळायला पाहिजे. म्हणून चावडी."

मी त्या क्षणी चावडी करायला घेतली. खोटं कशाला सांगू, इतक्या मनापासून मी कंपनीत एकही काम केलं नव्हतं.

चावडीचे दोन नियम त्यांनी घातले आणि दोन्हींवर मी त्यांच्याशी भांडले. पहिला: सवाल आल्यावर तीन दिवस कुणालाही उत्तर देता येणार नाही. गच्ची झाली की ते तीन दिवस तिच्यात पाणी तुंबवून ठेवत आणि खाली खोलीत खुर्ची टाकून, डबा घेऊन, छताकडे बघत बसत. तोच न्याय इथे. मी म्हटलं, तीन दिवसांत लोक विसरून जातील. ते म्हणाले, "पाणी भरल्यावर पहिल्याच घंट्यात गळत नाही म्हणणारा मिस्त्री नसते, ज्योतिषी असते. सवाल मुरू द्या." दुसरा नियम: त्यांच्याविरुद्धची तक्रार सगळ्यात वर दिसली पाहिजे आणि तारीफ सगळ्यात खाली. मी कपाळाला हात लावला.

त्यांची बायको, म्हणजे काकू, माझ्यापेक्षा स्पष्ट बोलल्या. "दुकानाच्या पाटीवर स्वतःला शिव्या लिहून घेणारा हाच एक माणूस दिसायलाय मला दुनियेत."

पहिला सवाल त्यांचाच. त्यांनी सांगितला, मी लिहिला. "नारायणगुड्यात एक खोली आहे. पावसाळ्यात कोरडी, उन्हाळ्यात गळते. बावीस वर्षं झाली. मी हरलो. कारण सांगा." माझ्या शेजारणीने तो तेलुगूत करून दिला, आणि दखनीत काकांनी स्वतः. धंद्याच्या वेबसाइटवर "मी हरलो" बरं दिसत नाही, हे मी दोनदा सांगून पाहिलं. "मग काय लिहू? गळते ते गळते."

पहिले काही आठवडे चावडीवर सदस्य दोनच. एक मी आणि दुसऱ्या, नवरा काय लिहितोय त्यावर नजर ठेवायला आलेल्या काकू. मग काकांनी जुन्या गिऱ्हाइकांना फोन लावायला सुरुवात केली. "तक्रार असेल तर चावडीवर टाका हो. नसेल तर बारीक नजरेनं बघा, सापडेल." लोकांना काय, आयतं आमंत्रण. कुणाची मोरी, कुणाचा सज्जा, कुणाची जिन्याखालची भिंत. काका एकेकाच्या घरी जात, वर बघत, आणि चूक आपली असली तर चौथ्या दिवशी तसं चावडीवर लिहायला लावत. एका मोठ्या सोसायटीचं काम ठरत आलं होतं. तिथल्या अध्यक्षांचा फोन आला, की तुमच्याच वेबसाइटवर तुमचं काम गळतं असं लिहिलंय. काका म्हणाले, "हौ, लिहिलंय. खालचं बी वाचा, मग काय केलं ते." त्यांनी खालचं वाचलं नाही. ते काम गेलं. त्या आठवड्यात काकूंनी मला दिलेल्या ताकात मीठ नव्हतं.

मग परदेशी जाहिरातवाले घुसले. कसल्या कसल्या गोळ्या, घड्याळं, लॉटरी. मी ते पुसून टाकायच्या आत काकांनी त्यातल्या एकाला तीन दिवस थांबून अदबीने उत्तर दिलं होतं: "आपला सवाल समजला नाही. आपल्याकडे छत गळते का?"

त्यांच्या स्वतःच्या सवालाला मात्र उत्तरं यायला लागली. एका निवृत्त इंजिनियरांनी लिहिलं, हवेतली वाफ थंड होऊन छताला धरते. एकाने लिहिलं, शेजाऱ्यांचा कूलर बघा. एकाला वास्तुदोष दिसला. काकांनी कुणालाही उडवून लावलं नाही. प्रत्येक उत्तर घेऊन ते टीचरम्मांच्या घरी जायचे आणि त्या लहान खोलीत खुर्ची टाकून बसायचे. मीही दोनदा बरोबर बसले. भर दुपार, पंखा बंद, कारण वारा लागला तर डाग लवकर सुकतो. आणि आम्ही दोघं गप्प वर बघतोय. ऐकताना हसू येतं, पण अर्ध्या तासाने मलाही ते छत वाचता येऊ लागलं. इथे रंग किंचित पिवळा, इथे पापुद्रा, इथे जुन्या ओलीची कड. काका हळूच म्हणायचे, "पाणी झूट बोलत नाही, पण सीधं बी बोलत नाही. डाग इथं दिसते म्हणून भोक इथंच असते असं नाही." टीचरम्मा दारातून डोकावून मला म्हणायच्या, "देखो अम्मा, बावीस साल से मेरे घर में यहीच टीवी चलरा."

उत्तर आलं ते अगदीच अनपेक्षित माणसाकडून. पाण्याचा टँकर चालवणारे एक गृहस्थ आपल्या न्हाणीघराची तक्रार घेऊन चावडीवर आले होते. जाता जाता त्यांनी काकांचा सवाल वाचला आणि खाली एवढंच लिहिलं: "सेठ, उनके घर टँकर किस दिन आता? उसके दो दिन बाद देखो."

काकांचा मला फोन आला. फक्त एक शब्द बोलले, "टँकर!" आणि ठेवून दिला.

प्रकार असा होता. टीचरम्मा एकट्या. नळाचं पाणी मोटर लावून टाकीत चढवायच्या, आणि वीज जळते म्हणून घड्याळ लावून दहा मिनिटांत मोटर बंद करायच्या. टाकी अर्ध्याच्या वर कधी जात नसे. उन्हाळ्यात नळ आटला की टँकर यायचा. टँकरवाला पाइप थेट गच्चीवर टाकून टाकी काठोकाठ भरायचा. टाकी भरल्यावर जास्तीचं पाणी जायला एक नळी असते. या घरात ती भिंतीच्या आतून खाली उतरवलेली होती. वर्षभर त्या नळीत थेंब जात नव्हता. शहरात पाण्याचा ठणठणाट झाला की मगच तिच्यातून पाणी वाहायचं, आणि भिंतीच्या आत कुठेतरी झिरपायचं. काकांनी दरवर्षी गच्चीत पाणी तुंबवून पाहिलं होतं. टाकी तुंबवून पाहायची बुद्धी झाली नव्हती.

त्या दिवशी खिशातल्या निळीचा उलगडा झाला. काकांनी बादलीभर पाण्यात नीळ कालवली आणि ते पाणी त्या नळीच्या तोंडात ओतलं. एक बादली, दोन, पाच. मग आम्ही खोलीत जाऊन बसलो. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा बसलो. तीनच्या सुमाराला त्या पांढऱ्या छतावर, कोपऱ्यापासून हातभर अंतरावर, एक फिकट निळा ठिपका उमटला आणि आमच्या डोळ्यांदेखत रुपयाएवढा झाला.

काका खुर्चीवरून उठले. ओरडतील, नाचतील असं मला वाटलं होतं. ते नुसते त्या डागाखाली उभे राहिले आणि दोन्ही हातांनी चष्मा पुसत राहिले. टीचरम्मा आत आल्या, वर पाहिलं आणि म्हणाल्या, "अय्यो, रंग तो अच्छा है. पूरे कमरेकू यहीच मारदेओ."

मला वाटलं, आता हे धावत मिस्त्रीकडे जाणार. पण नाही, तीन दिवस थांबले. "मुरू द्या." त्या तीन दिवसांत त्यांनी माझ्याकडून चावडीवर लिहून घेतलं. मिस्त्रीचं पूर्ण नाव घालून. की बावीस वर्षांपूर्वी मी या माणसावर चाळीस लोकांसमोर चोरीचा आळ घेतला. तो खोटा होता. गळती टाकीच्या नळीतून होती. त्यानं केलेलं काम पक्कं होतं, मीच ते उखडून टाकलं. हे सगळ्यांत वर ठेवा, म्हणाले, आणि कधी काढू नका. लिहिताना माझे डोळे भरून आले. मला त्या माणसाचा फार अभिमान वाटला.

"तो वाचत नाही," काका म्हणाले. "कागदावर काढा. तुम्ही चला, वाचून दाखवा. माझ्या तोंडून निघायचं नाही."

टीचरम्माही निघाल्या. "मेरे घर में बोले थे, मैं सुनी थी," म्हणाल्या. "अब ये भी सुनना ना."

असे आम्ही तिघं ऑटोतून अंबरपेठेत गेलो. काकांच्या मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेली थापी. एका गल्लीच्या टोकाला दोन खोल्यांचं घर. मिस्त्रीच्या सुनेने दार उघडलं. म्हातारा भिंतीला टेकून खाटेवर बसला होता. दाराकडे तोंड करून त्याने विचारलं, "कौन?"

काका उंबऱ्यावर उभे. शेवटी टीचरम्मा म्हणाल्या, "मैं टीचरम्मा, मिस्त्री. और तुम्हारे सेठ आए."

मी कागद काढला आणि माझ्या पुणेरी हिंदीत, एकही वाक्य न गाळता, वाचून दाखवला. सून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. शेजारच्या दोन बायका खिडकीशी आल्या. मी वाचून संपवलं. मला वाटलं, आता म्हातारा रडेल, किंवा शिव्या देईल. त्याने फक्त मान डोलावली, ओळखीचं काही ऐकावं तशी.

"हौ," तो म्हणाला. "पाइप. मेरेकू मालूम."

"आज मालूम हुआ," टीचरम्मा म्हणाल्या.

"नक्को, अम्मा. उसीच दिन मालूम था. उस दिन भी टँकर आया, टाकी भरी, और दीवार के अंदर पानी उतरने की आवाज मैं कान से सुना. सेठकू बोला, ऊपर चलो, पाइप देखो. ये बोले, मुँह नक्को दिखा." आवाजात राग नव्हता, हे मला जास्त लागलं. "बाईस साल मैं इधरीच था. चार गल्ली पे. पूछे कौन?"

काका खाली बघत होते. ते म्हणाले, "हौ. बोला था तू. आता आठवायलंय." शेवटचं मराठीत बोलून गेले, पण मिस्त्रीला ते कळलं. तरुणपणी रोज ऐकलेली भाषा होती.

चावडीवर आज सवाल टाकायला गेलात तर एक रकाना भरल्याशिवाय तो पुढे जात नाही: "ज्यानं काम केलं त्याला विचारलं का?" नवे लोक मला कळवतात की तुमच्या फॉर्ममध्ये काहीतरी बिघाड आहे. बिघाड नाही. त्या दुपारनंतर काकांनी तो माझ्याकडून घालून घेतला. पण त्या वेळी कुणाला रकाने सुचत नव्हते. माझ्या हातातल्या कागदाची मला लाज वाटत होती. तीन भाषांत साऱ्या जगाला विचारून आम्ही जे शोधून आणलं होतं, ते इथे खाटेवर बसून होतं.

काकांनी वर्तमानपत्र सोडवलं आणि थापी मिस्त्रीच्या हाती दिली. त्याने मूठ धरली नाही. आधी पात्यावरून अंगठा फिरवला, कडेपासून टोकापर्यंत, आणि अंगठा नाकाशी नेला.

"तेल लगाते थे?"

"हर महिने."

मिस्त्री खाटेवर थोडा सरकला. तेवढी जागा झाली. "बैठो," म्हणाला. सुनेला म्हणाला, "चाय रख."

काका त्याच्या शेजारी बसले. टीचरम्मांना आणि मला खुर्च्या मिळाल्या. बोलणं फारसं झालं नाही. कोण कोण गेलं, कुणाच्या मुलीचं कुठे दिलं, एवढंच. काकांच्या संगतीने एव्हाना ती खोड मलाही लागली होती. मी वर पाहिलं. पंख्याच्या हुकापासून दारापर्यंत, बरोबर त्या दोघांच्या डोक्यावर, ओलीचा भला मोठा डाग पसरलेला होता, रंगाचे पापुद्रे लोंबत होते. मी काकांकडे पाहिलं. चहा आला, संपला, दुसऱ्यांदा आला. ते मिस्त्रीच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही.